पंच क्रमांक दोन

काटा माझा होता, एवढाच माझा संबंध.
कोपरखैरणे, सेक्टर सात, रात्री पावणेदहा,
शटर अर्धं ओढलेलं. हवालदार म्हणाले,
भोपीशेठ, काटा घेऊन चला जरा.

दुपारी ज्यावर शेंगदाणे तोलले
त्यावर पिशवी ठेवली.
एक किलो चाळीस ग्रॅम.
सुयोग मढवी, वय बावीस, माझ्याकडेच बघत होता.
त्याच्या आईची उधारी माझ्या वहीत आहे.
सही केली.

चार वर्षांनी ठाण्याच्या कोर्टात
वकीलबाई विचारतात,
पिशवीसकट तोललंत?
काड्या, बिया, पानं वेगळी काढली?
नुसतं पान म्हणजे गांजा नव्हे, शेंडा लागतो, फुलोरा लागतो.
किलोच्या आत एक वर्षापर्यंत,
किलोच्या वर दहापर्यंत.

मी गहूसुद्धा निवडून विकतो.
त्या रात्री कोणी काही निवडलं नाही.

भाचा टोरांटोहून सांगतो, मामा, इथे दुकान आहे,
पावती देतात, पिशवीचे पैसे वेगळे.
आणि खिशात तीस ग्रॅमच्या वर सापडलं तर?
तर इथेही गुन्हाच, म्हणतो, आणि हसतो.
म्हणजे काटा तिथेही आहे.

साहेब टंकलेखकाला सांगतात:
साक्षीदारास आठवत नाही.
मी तसं म्हटलंच नव्हतं.
म्हटलं होतं, काट्यावर
शेंगदाण्याची टरफलं होती थोडी,
पुसायची राहून गेली.