खाली पाणी असलेलं घर

जेवणं झाली की ताटं सरकवून आम्ही नकाशा पसरतो.
नकाशा म्हणजे पुतण्यानं छापून दिलेले सहा कागद,
चिकटपट्टीनं जोडलेले. जोडावर समुद्र जरा फाटलाय.
पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर मीठदाणी, चष्म्याचं घर,
शालनच्या गुडघ्याच्या गोळ्या
आणि उद्यमनगरातून निवृत्त होताना मी मागून आणलेलं बेअरिंग.
त्याच्या कडेला कोरलेलं ‘जपान’
चौतीस वर्षं मी तेलकट बोटानं वाचलं.

इने. दोन अक्षरांचं गाव.
मागं डोंगर, पुढं खाडी,
आणि काठाला दातांसारखी खेटून लाकडी घरं.
खालच्या मजल्यात होडी, वरच्या मजल्यात माणसं.
आपल्याकडं खाली स्कूटर लावतात तसं, मी म्हटलं.
स्कूटर लावायला लाटा येत न्हाईत, ती म्हणाली.

ओसाकाहून गाडी, मग दुसरी गाडी, मग बस.
बस सतरा बेचाळीस म्हणजे सतरा बेचाळीस.
रंकाळा स्टँडवर ‘आत्ताच गेली’ आणि ‘येतीय की’
यांच्या मधे आपण एक चहा पितो,
तसला चहा तिथं नाही.

मुक्कामाच्या घरच्या बाईंनी विचारलंय,
काय खात नाही ते आधी कळवा.
आम्ही पोचणार सोमवारी.
मासेमारी करणाऱ्या घराला
शालनचा सोमवार कसा समजावायचा?
पुतण्या तीनदा लिहितो, तीनदा खोडतो.
शेवटी तीच सांगते, लिही:
सोमवारी समुद्र नुसता बघणार.

इथवर सगळं बैजवार.
बँकेचे कागद झाले, फोटो झाले,
फोटोत ती चोरी पकडल्यासारखी दिसते.
मग परवा, कपडे घड्या घालता घालता, सहज म्हणाली,
खाली पाणी असलेल्या घरात मी झोपायची न्हाई.

मी काही बोललो नाही.
आमच्या कुंभार गल्लीत भिंतीवर अजून
विटकरी रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर.
रंग दोनदा दिला. दोन्ही वेळा ती वर आली.
त्या रात्री आम्ही मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याचे फूट मोजत होतो,
बेचाळीस, बेचाळीस आणि चार इंच,
आणि जिन्यावर बसून पायऱ्या.
पाचव्या पायरीवर पिठाचा डबा तरंगत आला,
झाकण घट्ट, एखादा पाहुणा यावा तसा.
शालननं तो उचलून घेतला.
आत पीठ कोरडं होतं. तेव्हा ती रडली.

काल मी वाचून काढलं.
तिथल्या समुद्राला भरती हातभर, ओहोटी हातभर.
खाडीच्या तोंडाशी बेट आहे, लाटांना अडवून धरतं.
पाणी वर्षानुवर्षं खालच्या खोलीत राहतं
पण जिना चढत नाही.
सांगताना माझा आवाज
विमा विकणाऱ्यासारखा झाला, माझं मलाच कळलं.

ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक.
मेथी निवडत होती. देठ एकीकडं, पानं नकाशावर,
बरोबर त्या खाडीवर.
म्हणाली, त्या बाईला विचार,
तिच्या जिन्याला पायऱ्या किती?

हे कुणी विचारतं का, पुतण्या म्हणाला.
विचारलं. उत्तर सकाळी आलं,
तिथं तेव्हा दुपार असणार.
त्या बहुधा उठून मोजून आल्या होत्या,
कारण आधी माफी होती, उशीर झाला म्हणून,
आणि मग एक आकडा:
चौदा.

आमच्या जिन्याला तेरा आहेत.
शालननं पुन्हा मोजल्या, हात कठड्यावर ठेवून,
गुडघ्याला दर पायरीवर एक शिवी देत.
खाली आली. पानं गोळा केली.
ओल्या खाडीवरून पदर फिरवला.

एक जास्त हाय, म्हणाली,
आणि आत जाऊन
दोन्ही स्वेटर उन्हात टाकले.