पाटकऱ्याची लेक

बर्मिंगहॅममध्ये आज एकोणतीस अंश.
रेडिओवरची बाई काळजीत आहे,
म्हाताऱ्यांनी घरात बसावं म्हणते.
मी नेवाशाची. एकोणतिसाला आमच्याकडे
माणसं पहाटे चादर ओढून घेतात.

तरी सुट्टी टाकली. धपाटे, ठेचा, पावशेर चेरी,
आणि गॅस स्ट्रीटच्या पायऱ्या उतरले
जिथं शहराची मागची बाजू
पाण्यात तोंड बघत बसते.

कालवा म्हटलं की मला अजून
बाभळी दिसतात, आणि रात्री दोनला
सायकलला बॅटरी बांधून निघालेले आप्पा.
आमचं पाणी घाईत असायचं.
पाळी तुमची, चार तास, सव्वासहाला बंद.
हे पाणी कुठंच निघालेलं नाही.
ओतून विसरलेल्या चहासारखं,
आणि त्यात काड्यांचं, चिप्सच्या पाकिटांचं घरटं करून
एक चांदवा बसलाय,
महापालिकेला न जुमानता.

पुलाच्या कोपऱ्यावर लोखंडी पट्टी.
तिच्यात खाचा, बोटभर खोल.
घोडे नावा ओढायचे, ओला दोर घासत जायचा,
वर्षानुवर्षं.
मी बोट घातलं. बरोबर बसलं.
आडाच्या दगडावर असतात तशाच.
फक्त तिथं दोराला बायका असायच्या.

तिसऱ्या लॉकवर ग्वेंडा भेटली.
सत्तरीची, एकटी, गुडघ्याला पट्टा,
नावेचं नाव 'सेकंड हेल्पिंग'.
नवरा गेला, घर विकलं, ही घेतली, म्हणाली.
मी मनात म्हटलं, दुसरी वाढ.
कुणी आग्रह न करता घेतलेली.
"हात देतेस का? हे धरून अकरा राहिलेत."
आणि काटकोनात वाकलेली लोखंडी चावी
माझ्या हातावर ठेवली.

आप्पांची याहून जड होती.
तिच्यापायी लोक ओट्यावर उसाची मोळी टाकून जात,
आप्पा ती खांद्यावर घालून परत नेत.
आई म्हणायची, एक कांडं तरी ठेवावं.
एका उन्हाळ्यात रंभाजीकाकांच्या पाळीला
सख्ख्या भावाच्या, अर्धा वाफा कोरडा असताना,
सव्वासहाला त्यांनी फळी टाकली.
अकरा वर्षं काका आमच्या दारावरून
मान फिरवून गेले.

चावी फिरवली. खाली पाणी हंबरलं.
नाव उतरू लागली,
छपरावरच्या कुंड्या, मग ग्वेंडाची हॅट,
शेवाळलेल्या भिंतींमधून खाली खाली.
मी दाराच्या दांड्याला पाठ लावली,
विटांच्या कंगोऱ्यांवर टाचा रोवल्या.
तसूभर हललं नाही.
"थांब गं," ती तळातून ओरडली, "अजून वीतभर फरक आहे."
वीतभर पाण्यानं एवढं दार धरून ठेवलं होतं.
मग थांबलो. मी वरून एकेक चेरी सोडली,
तिनं हॅटमध्ये झेलली. दोन हुकल्या.
नंतर नुसतं टेकले तर
दार सरकलं.

सातव्याला सावली होती, वर अख्खी इमारत.
तिथं एक पोरगा दोरीला चुंबक बांधून
कालव्यातून लोखंड धरत होता.
आजची कमाई, एक सायकल, दोन चमचे,
आणि दार हरवलेलं एक कुलूप.
धपाटा दिला. तिखटानं त्याचे कान लाल झाले,
पण दुसरा मागितला.

तेराव्यानंतर ग्वेंडानं चावी परत घेतली.
"घड्याळ बघून फिरवतेस तू. कुणी शिकवलं?"
पाटबंधारे खातं, हे इंग्रजीत सांगायला गेले
आणि मधेच सोडून दिलं.

बाराव्या वर्षी एका सकाळी काका आले.
बोलले काहीच नाहीत.
आप्पांनी बशी पुढं सरकवली.
त्याआधी कुठं काय भरलं, कुठं काय ओसरलं
आम्हाला कधी कळलं नाही.

तेरा लॉक चढून परत निघाले.
हाताला गंजाचा वास, आप्पांच्या टॉवेलला यायचा तो.
सव्वानऊ झाले.
उजेड अजून वाहतोय.
फळी टाकायला कुणी आलेलं नाही.