फीत क्रमांक एक्केचाळीस

सोमवारी उद्यमनगर बंद.
फौंड्रीतले हातोडे गप्प, लेथ गप्प,
म्हणून आमचं रेकॉर्डिंग सोमवारीच.
पत्र्याच्या खोलीत चारी भिंतींना
पट्टणकोडोलीची घोंगडी ठोकलेली.
उन्हाळ्यात खोलीभर मेंढरांचा वास सुटायचा
आणि शेवंताबाई म्हणायच्या,
‘आवाज कसा बसतोय बघ, सांजचा कळपात आल्यागत.’

ईश्वरा आणि शेवंता वडणगेकर.
नवरा कलगीचा, बायको तुऱ्याची.
जत्रेजत्रेत एकमेकांना सवाल घालता घालता
लग्न झालं,
दोन्ही फडांनी अक्षतांना पाठ दाखवली.
मग यांनीच कॅसेट कंपनी काढली.
परवाना त्यांच्या नावावर,
पतसंस्थेचं कर्ज बाईंच्या साजावर.
‘बरं झालं गहाण पडला,’ त्या म्हणायच्या,
‘माईकपुढं खुळखुळत तरी न्हाई.’

मी चौदा वर्षांचा. माझं काम
पेन्सिल घालून सैल फीत ओढून घेणं,
पापाच्या तिकटीवरनं कव्हरं आणणं,
गारगोटी गाडीच्या कंडक्टरला पन्नास नग मोजून देणं
आणि मागच्या पन्नासांचे पैसे मागणं.
कव्हरवर नावांचा क्रम ठरलेला:
विषम क्रमांकाला बाई आधी, सम क्रमांकाला ते.
भांडण नको म्हणून.
तरी भांडण व्हायचंच,
फाँटच्या जाडीवरनं.

एक्केचाळीसला बाईंनी सवाल टाकला
ए बाजूच्या शेवटाला, कागदावर नसलेला:
*दोन गळ्यांत एकच सूर,
सांग शाहिरा,
त्याचा सातबारा कुणाच्या नावावर?*

मी फीत उलटली. बी बाजू. लाल दिवा.
ईश्वरामामांनी तुणतुणं धरलं,
तार दोनदा छेडली
आणि थांबले.
फीत फिरत होती.
कुठल्यातरी कारखान्यात सोमवार न पाळणारा एक हातोडा
तीनदा पडला.
‘बोला की,’ बाई म्हणाल्या.
मामा घोंगडीकडं बघत राहिले.
मी बटणाकडं हात नेला तर बाईंनीच धरला.
‘असू दे. तसंच जाऊ दे.’

तसंच गेलं. तीनशे नग.
मला वाटलं, लोक परत आणतील.
आली ती कार्डं.
निपाणीहून: तलाठ्याला विचारा.
आजऱ्याहून: ज्याचा श्वास आधी संपंल त्याच्या दुसऱ्याच्या नावावर.
राधानगरीचा एक मास्तर दर पंधरवड्याला नवं उत्तर पाठवायचा,
आधीचं खोडून.
आणि एक कार्ड, गाव नाही, सही नाही:
*वारस न्हाई म्हणून इचारताय व्हय?*

ते मीच वाचलं, मोठ्यानं,
ओळ संपेपर्यंत मला कळलंच नाही मी काय वाचतोय.
मामा उठून बाहेर गेले, नळावर,
बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.
बाईंनी कार्ड घेतलं,
डफाच्या कडीत खोचलं.
‘अक्षर बरं हाय,’ म्हणाल्या.
त्या सोमवारी काही रेकॉर्ड झालं नाही.

आता माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, शाहूपुरीत.
परवा एक्केचाळीस नंबर संगणकात उतरवून घेतली.
पोरगा म्हणाला, पप्पा, बी बाजूचं रिकामं कापू का?
हेडफोन घालून ऐकलं.
तार. तार. हातोडा.
मधे कुणीतरी श्वास आत ओढतं,
गाणारं माणूस उचल घ्यायच्या आधी ओढतं तसा.
दोघांना चाळीस सोमवार ऐकलेला मी,
कुणाचा ते सांगता आलं नाही.
म्हटलं, कापू नको.

पेनड्राइव्ह द्यायला गेलो तर
मामा खाटेवर, पायाशी तुणतुणं,
बाई चहात आलं ठेचून घालत होत्या.
फळीवर बेचाळीसची कव्हरं तशीच गठ्ठ्यात,
कडा पिवळ्या, गाण्यांची जागा कोरी.
सम क्रमांक.
पहिलं नाव त्यांचं.

‘पाळी त्यांची हाय,’ बाई म्हणाल्या,
कप माझ्या हातात देत.
‘आमी काय घाई करत न्हाई.’
मामांनी डोळे न उघडता विचारलं,
‘आज वार कुठला?’