इतिवृत्तात न आलेलं

सभा सातची होती. मंत्री पावणेआठला आले,
मोटारीने.
तो शब्द मी लिहिला आणि खोडला.
इतिवृत्तात वाहन लिहायची पद्धत नाही.

कूम हेलिगच्या या खाणकामगारांच्या हॉलमध्ये
उजेड नाण्यांवर चालतो.
दाराशेजारी मीटर आहे, एका पौंडात वीस मिनिटं.
मुलांचा बँड, बुधवारचं सूप,
ग्वेन्लियनचा शिवणवर्ग,
सगळं वीस-वीस मिनिटांनी पुढे ढकलत आणलंय आम्ही.
अनुदान तीन वर्षं विचाराधीन आहे.
विचार नेमकं कोण करतंय
हे पत्रात नव्हतं.

मंत्री बोलले. बरं बोलले.
'गुंतवणूक' सतरा वेळा,
समासात मी रेघा ओढत होते.

मग इडवाल उठला,
आइस्क्रीमचा जुना डबा घेऊन.
डब्यात वॉलपेपरचा तुकडा, काळाकुट्ट, केसाळ,
नातीच्या पलंगामागून खरवडलेला.
म्हणाला, भिंत तुमची, तेव्हा बुरशीही तुमचीच.
भाडं मी एक दिवस चुकवलेलं नाही.
ही तेवढी परत घ्या.
कुणीतरी फाइल चाळून सांगितलं,
खिडक्या उघड्या ठेवायचा सल्ला दिला होता.
"हो," इडवाल म्हणाला, "जानेवारीत."
डबा टेबलावरच राहिला, पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत.

टेगवेन प्रोसर शेवटी.
वडील सिग्नलमन, केबिन आता रानजाळीत.
तिने भाषण केलं नाही. खुंट्या आणल्या होत्या,
दर निवडणुकीआधी मोजणीवाले ठोकून जातात त्या.
नारिंगी, निळ्या, मागच्या खेपेच्या गुलाबी.
"गाडी येणार म्हणून तीनदा ठोकल्या,
तीनदा तुम्ही विसरलात.
मी उपटून परसात लावल्या, त्यांवर घेवडा चढतो.
तुमच्या रेल्वेचं तेवढंच काय ते वर आलं.
मला रूळ नकोत आज. तारीख द्या."

मंत्री म्हणाले, तारखेच्या बाबतीत इतक्यात
आणि दिवे गेले.

आठ वाजून बारा मिनिटं.
कुणी हललं नाही.
चाळीस-पन्नास माणसं, प्रत्येकाच्या खिशात नाणं,
मला ठाऊक आहे, आम्ही नाण्याशिवाय इथे येतच नाही.
माझंही मुठीत होतं, गरम झालेलं.
पुढच्या रांगेत खिसे चाचपल्याचा आवाज,
पाकिटं, कार्डं, किल्ल्या.
मग त्यांचा आवाज, जरा लहान झालेला:
"कुणाकडे सुटे आहेत का?"

अंधारातून टेगवेन म्हणाली,
"विचाराधीन आहे."

हसलो आम्ही, पण फार नाही.
हसू विरलं तसं कळलं की ते अजून उभे आहेत
आणि समोर कागद नाही.
बराच वेळ गेला. कुणाची तरी खुर्ची करकरली.
मग ते म्हणाले, "तारीख मला माहीत नाही.
पैसे दुसरीकडे वळवले आहेत."
मी चाचपडत लिहिलं,
ओळीवर ओळ चढली,
सकाळी त्या पानावर एवढंच वाचता आलं.

नाणं शेवटी टेगवेननेच टाकलं.
स्वयंपाकघरात सुपाचं भांडं विजेच्या शेगडीवर होतं,
आणि उपाशी पोटी माणसाला फार वेळ जाब विचारता येत नाही,
असं ती म्हणते.
उजेडात मंत्री डोळे चोळत होते.
तिने त्यांच्यापुढे हात पसरला, भीक मागतात तसा नाही,
कंडक्टर तिकिटाचे पैसे मागतो तसा.
सचिव म्हणाले, पाठवून देऊ.

मंजूर इतिवृत्तात आता आहे:
'मंत्रिमहोदयांनी प्रश्नांना समर्पक उत्तरे दिली.'
अंधारातलं पान मी टाचणीने मागे जोडलंय.

आणि हॉलच्या जमाखर्चात,
चहाच्या आणि झाडूच्या मधल्या ओळीत:
येणे, सरकारकडून, एक पौंड.
दर महिन्याला मी ती ओळ
पुढच्या पानावर उतरवून घेते.