एका भिडूचा खेळ

डंडीत, टे नदीच्या काठी, तागाच्या जुन्या गिरणीत
तिसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस.
खेळ दुसऱ्यांचा, मोठ्या कंपनीचा, संगणकावरचा:
सोळा जणांनी सोळा घरांतून
एकमेकांना गोळ्या घालायचा.
यांनी तो फक्त कन्सोलवर उतरवायचा,
आणि त्या कन्सोलला तेव्हा
जगाशी जोडणारी तारच नव्हती.

"मग लोक खेळणार कुणाशी?"
कुणीतरी विचारलं,
आणि सगळ्यांनी मोरॅगकडे पाहिलं.

हातात सहा आठवडे. डिस्कवर जागा चिमूटभर.
गोष्ट नाही, नायक नाही.
तेच बारा मॅप, तीच गंजलेली जेटी, तेच धान्याचं कोठार.
सोळांच्या गलक्यासाठी बांधलेल्या जागा
एकट्याने फिरलं की
लग्न उरकलेल्या हॉलसारख्या वाटत.

तिने पायवाटा आखल्या, हाताने, एकेक ठिपका.
इथून दाराकडे. दारातून जिन्याकडे.
आवाज आला तर वळ, गोळी लागली तर लप.
बॉट भराभर शिकले.
पहिल्याच दिवशी त्यांनी तिला चाळीस वेळा मारलं
आणि एकदाही नेम चुकला नाही.

खरं काम मग सुरू झालं: त्यांना चुकायला शिकवणं.
पाव सेकंद उशीर.
नेम दोन बोटं डावीकडे.
बंदूक रिकामी आहे हे कधीमधी विसरणं.
माणूस कुठे कुठे कमी पडतो
याची ती वहीत नोंद ठेवत गेली. वही भरली.
पंधरा कच्ची लिंबं तयार झाली,
राज्य मात्र कायम त्या सोळाव्यावरच.

नावं राहिली होती. रात्रीचे दोन.
तिने ऑफिसातलीच घातली.
फर्गस उशिरा यायचा, त्याचा बॉटही उशिरा.
झाडलोट करणाऱ्या मिसेस ओग्लवींना
दुर्बिणीची बंदूक दिली.
आणि टॉर्क्विल,
जेटीवरच्या शिडीखाली थांबणारा.
वरचा ठिपका तिच्याकडून बोटभर उंच पडला होता.
पाय पोचेना, म्हणून मान वर करून उभा.
चूक क्रमांक चारशे बारा.
डिस्क छापायला गेली, चूकही गेली.

"एकट्या खेळाडूसाठी यात काही नाही," परीक्षणं म्हणाली.
दहापैकी चार.
खरंच होतं ते.

कंपनी बुडाली. गिरणीत आता फ्लॅट आहेत.
मूळ खेळाचे सर्व्हर कुणीतरी एका मंगळवारी बंद केले
आणि सोळा जणांचा खेळ उरलाच नाही.

परवा पत्र आलं.
शेटलंडच्या उत्तरेला, समुद्रातल्या तेलविहिरीवरून.
गिल्बर्ट हाल्क्रो, क्रेन चालवतो.

"इथे तीन-तीन आठवडे असतो.
वरच्या खाटेवरचा झोपला की आवाज बंद करून खेळतो.
सगळ्यांच्या चाली पाठ झाल्यात.
ओग्लवीबाईंना मात्र अजून एकदाही हरवलेलं नाही.
एक विचारायचं होतं.
टॉर्क्विल शिडीखाली कुणाची वाट बघतो?
मी त्याला मारत नाही.
बाकीचे चौदा आटोपले की
घड्याळ संपेपर्यंत बंदूक खाली करून
शेजारी उभा राहतो.
समोर समुद्र आहे. तुम्ही तो चांगला काढलाय."

समुद्र तिने काढलाच नव्हता.
वीस चौकोनांची करडी चादर होती ती,
कडेला जरा हलणारी.

खऱ्या टॉर्क्विलला तिने फोन लावला, वीस वर्षांनी.
"तू कधी कुणाची वाट बघत होतास का रे?"
तो म्हणाला, "कोण बोलतंय?"
मागे कुत्री भुंकत होती.

मग तिने उत्तर लिहिलं, छोटंसं.
शिडीचा उल्लेख नाही.

"ओग्लवीबाई गोळी झाडल्यावर
दोन पावलं उजवीकडे सरकतात, दर वेळी.
तिथे आधीच नेम धरून बसा.
आणि मारल्यावर
त्यांना सॉरी म्हणा, माझ्याकडूनही."