मेक : इतर

निवडणूक लागली की गावातली हत्यारं
आमच्या शाखेत मुक्कामाला येतात,
कुणी पोत्यात गुंडाळून आणतं, कुणी चादरीत.
मी फक्त रजिस्टर लिहितो.

एकनळी, बारा बोअर, क्रमांक चार हजार एकशे सतरा.
मालक : मिल.
ताबा : शरणप्पा हत्तरकी, रात्रपाळीचा पहारेकरी.
मेकच्या रकान्यात माझ्या आधीच्या कारकुनानं
लिहून ठेवलेलं : टिल्डन आणि कावळा.
मी हसलो. मग चष्मा काढून नळी डोळ्यांजवळ नेली.
टिल्डन अँड क्रो, एल्म्सबरी, मॅसॅच्युसेट्स.
माणसानं भाषांतर केलं होतं, चूक नव्हती.

ब्याण्णव साली तिची पिन तुटली.
साताऱ्या रस्त्यावर नव्हे, सात रस्त्यावर
दस्तगीर शिकलगारनं ती उघडली,
स्प्रिंग चिमटीत धरून उन्हाकडे केली, म्हणाला,
येमूल, हे बंदूकवाले न्हवंत.
हे धोटेवाले दिसतात. घडण बघ की.

माझा बाप चाळीस वर्षं मागावर.
धोट्याच्या टोकाची लोखंडी बोंडी
लहानपणी मी गोट्यांत खेळलोय.
बघितलं, तर तसंच वळण.

नळीवरच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं :
उपरोक्त हत्याराची पिन पुरवावी ही विनंती.
सात महिन्यांनी उत्तर आलं,
कंपनीचं नाही, एका बाईचं.
गावात त्या नावाशी नातं असलेलं
दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून पोस्टमननं तिला दिलेलं.

तिनं लिहिलं :
टिल्डन आणि क्रो हे साडू. नदीकाठी चाळीस माणसांची शेड.
आधी कापडगिरण्यांसाठी धोट्यांची टोकं करायचे.
गिरण्या दक्षिणेकडे गेल्या, पोलाद पडून राहिलं,
म्हणून बंदुका. स्वस्त, शेतकऱ्याला परवडणाऱ्या.
दस्त्यावरच्या रेघा मुली कोरायच्या, माझी आई त्यांतली एक.
वडील प्रत्येक नळीतून नदीकडे एक बार काढायचे,
डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नसे.
साडूंचं भांडण झालं, मग मंदी आली.
एकतीस साली कुलूप.
आता तिथं फर्निचरचं दुकान आहे.
पिन नाही. क्षमस्व.

डाव्या कानाचं वाक्य मी घरी वाचून दाखवलं,
मोठ्यानं, दोनदा,
कारण बापाला तसंच वाचून दाखवावं लागायचं.
तो म्हणाला, कुठल्या खात्यात होता?

दस्तगीरनं जुन्या कुलपाच्या दांडीतून पिन घासली.
अठरा रुपये. पावती फाईलला आहे.

पुढच्या निवडणुकीला शरणप्पा आला, काडतुसं पाच.
मागच्या नोंदीत सहा.
साहेब ओरडले, एक कुठं गेलं?
शरणप्पा कानडी वळणात शांतपणे सांगू लागला :
पहाटे भोंगा वाजला नाही,
बॉयलरमध्ये काय झालं काय की.
आतली माणसं सुटायची, बाहेरची आत यायची,
दोन हजार माणूस फाटकाच्या दोन्ही अंगाला उभं.
कुणीतरी सांगायला पाहिजे ना, वेळ झाली म्हणून.
मी आभाळात एक बार काढला.

खुलाशाच्या रकान्यात मी लिहिलं :
भोंगा न वाजल्याने. सबब एक काडतूस कमी.
साहेबांनी सही केली.

मग मिलच बंद पडली.
बंदूक जमा होती ती जमाच राहिली,
सोडवायला मालक म्हणून कुणी आलं नाही.
शरणप्पा एकदा सायकलवरून येऊन
नुसती बघून गेला.

यंदा आदेश आला : बेवारस हत्यारं कापून वितळवावीत.
तत्पूर्वी सर्व नोंदी संगणकावर.
मेकच्या चौकटीवर बोट ठेवलं की यादी उघडते,
मोठमोठी नावं, खाली खाली सरकत जातात.
टिल्डन नाही. क्रो नाही.
सगळ्यात शेवटी : इतर.
ते निवडल्याशिवाय पुढचं पान येत नाही.

गॅस कटरवाला यायला अवकाश होता.
नळीवर कागद ठेवून मी आडवी पेन्सिल फिरवली,
अक्षरं करडी होऊन वर आली,
शेवटचं थोडं अर्धवट.
रजिस्टरमध्ये ठेवलाय तो कागद, त्या पत्राशेजारी.

पिन चालली,
हे बाईंना कळवायचं राहून गेलं.