पंचवीस मिलिव्होल्ट

तापकीर गल्लीत खोक्याशिवाय मिळाला हा प्रोसेसर,
सोबत त्याचाच साधा पंखा, चार प्लास्टिकचे पाय,
एक जरासा दुमडलेला.
ललवाणी म्हणाले, "ताई, आहे तसा चालवा.
पळवायला गेलात तर मग मला बोलायचं नाही."

पळवतेच आहे मी.
धायरीत, वरच्या मजल्यावर, एप्रिलात,
स्लॅब रात्री एकलाही हात लावू देत नाही
आणि जिन्यात पायगुडेंचा सबमीटर
माझ्या नावाने लाल डोळा मिचकावतो.
सकाळी नऊला बिल्डरला फिल्म हवी:
न बांधलेल्या बाल्कनीत न लावलेली बोगनवेल,
तिच्यावर खरं वाटेल असं ऊन.

साबुदाण्याएवढी पेस्ट. पाय दाबले. टक, टक, टक.
चौथ्याची अंगठ्याने समजूत काढली.
कडेचा पत्रा काढून टेबलफॅन वळवला आत.
वेग चार पूर्णांक दोनवर नेला
आणि व्होल्ट उतरवायला बसले,
दुधाखालचा गॅस उतरवावा तशी,
नजर पातेल्यात, बोटं नॉबवर.

१.२५. एकाहत्तर अंश.
१.२०. सहासष्ट.
१.१५. एकसष्ट, आणि पंखा इतका हळू झाला
की खालच्या रिक्षेत झोपलेल्या माणसाचं घोरणं ऐकू आलं.

इथे थांबायचं.
पण फुकटात भागतंय म्हटल्यावर
कुणाचा हात थांबलाय?
१.१२५. वीस मिनिटं तपासलं, काही तक्रार नाही.
कामाला लावलं.
दोन वाजून दहा मिनिटांनी, दोनशे बाराव्या फ्रेमला,
निळा पडदा.

मिनिटाला तीन हजार होते माझे.
गेल्या दिवाळीला सत्तावीसशे झाले,
"होतंय ना तुझं त्यात?" म्हणाले कौशल सर.
झालं. आवाज न करता झालं.
गुढीपाडव्यापासून चोवीसशे.

पंचवीस मिलिव्होल्ट परत दिले त्याला.
तीन अंश वर गेला. जाऊ दे.
गरम हवा माझ्या पोटऱ्यांवर येत राहिली
आणि ऊन पुन्हा बोगनवेलीवर
एकेक पान करत उतरू लागलं.

तोवर बिल टाइप केलं.
दराच्या चौकटीत चोवीसशे लिहिलं. खोडलं.
कर्सर तिथे उघडझाप करतोय.

आज गुरुवार. दहाला लाइट जाणार.
अजून बहात्तर फ्रेम.